मामायेव कुर्गानवरची माता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियातल्या व्होल्गोग्राड शहरात एका टेकडीवर तलवार उगारलेली प्रचंड बाई उभी आहे. तिचा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. पण फोटोच्या खाली काय आहे, टेकडीत कोण पुरलंय, भिंतींवर काय कोरलंय हे फारसं कुणी सांगत नाही. ज्यांना फक्त उंची हवी आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो: तलवारीसकट ८५ मीटर. बाकीच्यांनी सवडीने वाचावं.

हे स्मारक नक्की कशाचं?

दुसऱ्या महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईचं. स्टालिनग्राड हे व्होल्गोग्राडचंच तेव्हाचं नाव. १७ जुलै १९४२ ला लढाई सुरू झाली आणि २ फेब्रुवारी १९४३ ला उरलेल्या जर्मन तुकड्यांनी शस्त्रं खाली ठेवली. त्याच्या दोन दिवस आधी त्यांचा सेनापती फील्ड मार्शल पाउलुस पकडला गेला होता. सुमारे ९१,००० सैनिक कैद झाले आणि त्यांतले पाच-सहा हजारच पुढे जर्मनीत परतले. सोव्हिएत बाजूची अधिकृत हानी ११ लाखांच्या वर आहे, त्यांत पावणेपाच लाखांहून जास्त माणसं मेलेली किंवा बेपत्ता. विजय कोणत्या भावात पडला याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

स्मारकाचं पूर्ण नाव ‘स्टालिनग्राडच्या लढाईतील वीरांना’ असं आहे. काम मे १९५९ मध्ये सुरू झालं आणि उद्घाटन १५ ऑक्टोबर १९६७ ला झालं.

इतकं मोठं शहर सोडून टेकडीच का?

कारण लढाई या टेकडीसाठीच चालली होती. लष्करी नकाशात तिचं नाव ‘उंची १०२’. वरून शहराचा मध्य दिसतो, उत्तरेकडचे कारखाने दिसतात आणि मुख्य म्हणजे व्होल्गा नदी ओलांडायच्या जागा दिसतात. शहरातल्या सोव्हिएत सैन्याला दारूगोळा, भाकरी, नवी माणसं, सगळं रात्री होड्यांतून नदी ओलांडून यायचं. टेकडी ज्याच्या हातात, त्याच्या तोफेच्या टप्प्यात नदी. म्हणून सप्टेंबर १९४२ पासून जानेवारीपर्यंत ती कित्येकदा इकडून तिकडे गेली. १६ सप्टेंबरला जनरल रोदिम्त्सेव्हच्या १३ व्या गार्ड्‌स डिव्हिजनच्या जवानांनी ती परत घेतली, ते तर आदल्याच रात्री नदी ओलांडून आलेले होते.

लढाईनंतर इथल्या मातीत चौरस मीटरमागे पाचशे ते साडेबाराशे लोखंडी तुकडे आणि गोळ्या सापडायच्या. १९४३ च्या वसंतात टेकडीवर गवतच उगवलं नाही. एरवी स्मारकासाठी जागा शोधावी लागते. इथे तसा प्रश्नच नव्हता.

‘कुर्गान’ म्हणजे प्राचीन दफनाचा ढिगारा. मामाई नावाच्या तातार सरदाराची लोककथा या नावाला चिकटलेली आहे. खरं-खोटं काहीही असो, विसाव्या शतकात ही टेकडी खरोखरच दफनभूमी झाली. ३४,५०५ सैनिकांचे अवशेष इथल्या सामूहिक कबरीत आहेत.

वर चढताना काय काय दिसतं?

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण नुसती मूर्ती पाहायला जाणारा अर्धं स्मारक चुकवतो. पायथ्यापासून मूर्तीपर्यंत ग्रॅनाइटच्या २०० पायऱ्या, लढाईचे २०० दिवस म्हणून.

सुरुवातीला उंच, सडपातळ पॉप्लर झाडांचा रस्ता. मग तळ्यातून वर आलेला उघड्या छातीचा सैनिक, एका हातात मशीनगन, दुसऱ्यात हातबॉम्ब. या शिल्पाचं नाव ‘मरेपर्यंत उभे राहा’. त्याचा चेहरा ६२ व्या सेनेचा सेनापती वासिली चुईकोव्ह याच्यासारखा आहे असं सगळेच म्हणतात. चुईकोव्ह या स्मारकाचा लष्करी सल्लागार होता, त्यामुळे योगायोग म्हणून सोडून देणं कठीण. १९८२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला याच टेकडीवर पुरलं. मॉस्कोबाहेर पुरलेला हा पहिलाच सोव्हिएत मार्शल.

पुढे दोन बाजूंना पडक्या भिंती. त्यांत माणसं, हत्यारं, शपथा, घोषणा कोरलेल्या. लपवलेल्या स्पीकरमधून तोफांचे आवाज, युद्धगीतं आणि मॉस्को रेडिओच्या निवेदकाचा आवाज येत असतो. काहींना हे नाटकी वाटतं, मलाही थोडंसं वाटतं. पण भिंतीजवळ जाऊन पाहिलं की कोरीवकामात मुद्दाम ठेवलेला ओबडधोबडपणा कळतो. बॉम्बने फुटलेल्या घराची भिंत जशी मध्येच तुटते, तशाच या तुटतात.

मग वीरांचा चौक, त्यात लांब तळं आणि बाजूला सहा शिल्पं. जवळच्या भिंतीवर, पकडलेल्या जर्मन सैनिकांच्या शिल्पपटापाशी, एक खोचक वाक्य आहे. त्याचा आशय असा: फॅसिस्टांना व्होल्गा पाहायची होती, लाल सेनेने, म्हणजे सोव्हिएत सैन्याने, त्यांची इच्छा पुरी केली. सगळ्या टेकडीवर विनोद म्हणावा असं हे एवढंच.

त्यानंतर गोल दालन. मधोमध जमिनीतून वर आलेला पांढरा हात आणि त्यात मशाल. ती अखंड ज्योत. भोवतीच्या भिंतीवर मोझॅइकचे ३४ लाल ध्वज आणि त्यांवर ७,२०० नावं. इथे मानवंदनेला पहारेकरी असतात आणि दर तासाला पहारा बदलतो.

दालनातून बाहेर पडलं की शोकाचा चौक. मांडीवर मेलेला मुलगा घेतलेली आई आणि समोर ‘अश्रूंचं तळं’. मुलाचा चेहरा ध्वजाने झाकलेला आहे. चेहरा दिसत नाही, म्हणून तो कुणाचाही असू शकतो. इथवर आल्यावरच शेवटची वळणावळणाची वाट मूर्तीकडे जाते, आणि तिच्या कडेलाही वीरांच्या समाधीशिळा आहेत. म्हणजे मूर्तीच्या पायाशी पोचायचं तर कबरींमधूनच जावं लागतं. या स्मारकाची सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट मला मूर्ती वाटत नाही, हा क्रम वाटतो.

ती बाई कोण? विजयदेवता का?

नाही, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. शिल्पाचं नाव ‘मातृभूमी हाक देते’. ती मातृभूमी आहे. मान मागे वळवलेली, तोंड उघडं, डावा हात मागे पसरलेला, वाऱ्यात उडणारं वस्त्र. मागच्या मुलांना ती बोलावते आहे. तिच्या दृष्टीने लढाई अजून चालू आहे. १९४१ मध्ये इराकली तोइद्झे याने केलेलं सैन्यभरतीचं याच नावाचं पोस्टर सोव्हिएत रशियात घराघरांत माहीत होतं, त्यामुळे पाहणाऱ्याला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती.

मग विजय कुठे दाखवलाय?

बर्लिनला. तिथल्या ट्रेप्टो पार्कमध्ये १९४९ पासून एक सोव्हिएत सैनिक उभा आहे, एका हातात लहान जर्मन मूल, दुसऱ्या हातातली तलवार खाली आलेली, पायाखाली फुटलेलं स्वस्तिक. शिल्पकार तोच, येवगेनी वुचेतिच. उरलमधल्या मॅग्निटोगोर्स्क या पोलादी शहरात तिसरं शिल्प आहे. तिथे कामगार सैनिकाच्या हाती तलवार देतो. म्हणजे तलवार उरलमध्ये घडली, स्टालिनग्राडला उगारली, बर्लिनला खाली आली. कथा झकास जुळते. मात्र मॅग्निटोगोर्स्कचं शिल्प १९७९ चं, वुचेतिच १९७४ मध्येच गेला होता आणि ते दुसऱ्या शिल्पकाराने केलं, हेही लक्षात असू द्यावं.

न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात तलवारीचा नांगर करणाऱ्या माणसाचं शिल्प आहे ना? तेही वुचेतिचचंच, १९५९ चं. त्याच वर्षी इकडे व्होल्गेकाठी या तलवारीचं काम सुरू झालं.

एवढी मूर्ती उभी कशी राहते?

स्वतःच्या वजनावर. ती पायाला बोल्टने जखडलेली नाही. पटावर सोंगटी ठेवावी तशी ती चौथऱ्यावर ठेवलेली आहे. वजन साधारण ८,००० टन: साडेपाच हजार टन काँक्रीट आणि बाकी धातू. आत ती पोकळ असून खोल्याखोल्यांची आहे, भिंती जेमतेम २५ ते ३० सेंटिमीटर जाडीच्या. आतून ताणलेल्या पोलादी तारा सांगाडा आवळून धरतात. हे गणित निकोलाय निकितिन याचं. मॉस्कोचा ओस्तान्किनो टीव्ही टॉवर उभा करणारा इंजिनिअर तोच. वास्तुरचना याकोव्ह बेलोपोल्स्कीची.

काँक्रीट थरांवर थर ओतताना मध्ये खंड पडून चालत नव्हता. म्हणून काँक्रीटच्या ट्रकांना खास खुणा लावल्या होत्या आणि त्यांना लाल सिग्नल तोडायची मुभा होती, असं सांगतात.

तलवारीने मात्र दगा दिला. ३३ मीटर लांब, १४ टन वजन, वरून टायटॅनियमचे पत्रे. वारा सुटला की ती डोलायची आणि पत्रे खडखडायचे. १९७२ मध्ये ती काढून पोलादी पातं बसवलं आणि वारा पार जावा म्हणून त्याला भोकं ठेवली.

ती कलतेय, पडणार आहे, असं वाचलं होतं. खरं का?

टेकडीची माती आणि भूजल यांमुळे मूर्ती थोडी सरकली आहे, तडेही गेले होते. त्यामुळे तिच्यावर कायम मोजमापाची नजर असते. मोठी डागडुजी २०२० मध्ये पूर्ण झाली. उद्या पडणार वगैरे मथळे सोडून द्या.

मूर्तीसाठी मॉडेल कोण होतं?

दावेदार अनेक आहेत. वुचेतिचच्या पत्नीचं नाव घेतलं जातं, एका खेळाडूचं घेतलं जातं, व्होल्गोग्राडच्या एका वेट्रेसनेही आपणच मॉडेल असल्याचं सांगितलं होतं. शिल्पकार चेहरा एकीकडून आणि बांधा दुसरीकडून घेतात, त्यामुळे हा वाद मिटण्यातला नाही.

ही जगातली सर्वांत उंच मूर्ती आहे का?

१९६७ मध्ये होती. आता नाही. आपला स्टॅच्यू ऑफ युनिटी १८२ मीटर आहे, म्हणजे दुपटीहून जास्त.

भिंतीवरचे ते प्रसिद्ध शब्द कुणाचे?

याचं उत्तर थोडं लांबेल, पण सगळ्या पानावर हेच वाचण्यासारखं आहे.

गोल दालनाकडे जाताना मोठ्या अक्षरांत एक उतारा कोरलेला आहे. आशय असा: लोखंडाचं वादळ तोंडावर येत होतं, तरी ते पुढेच जात राहिले, आणि शत्रूच्या मनात भीती शिरली, ही चालून येणारी माणसं आहेत का? ती मर्त्य आहेत का? दालनाच्या आत त्याचं उत्तर आहे: होय, आम्ही साधी मर्त्य माणसं होतो, आमच्यातले थोडेच वाचले, पण मातृभूमीशी असलेलं कर्तव्य आम्ही पार पाडलं.

प्रश्नाचे शब्द वासिली ग्रॉसमनचे आहेत. तो लाल सेनेच्या ‘क्रास्नाया झ्वेझ्दा’ या वृत्तपत्राचा वार्ताहर म्हणून स्टालिनग्राडमध्ये होता आणि १९४२ च्या शेवटी त्याने लिहिलेल्या लेखातल्या या ओळी. युद्धानंतर त्याने स्टालिनग्राडवर मोठी कादंबरी लिहिली. नाझी राजवट आणि स्टालिनची राजवट समोरासमोर ठेवण्याचं धाडस तिच्यात होतं. १९६१ मध्ये केजीबीची माणसं घरी येऊन हस्तलिखित, कार्बन प्रती, इतकंच काय टाइपरायटरच्या रिबिनीही घेऊन गेली. १९६४ मध्ये ग्रॉसमन वारला. कादंबरी छापली जाईल याची त्याला आशा उरली नव्हती.

आणि तीन वर्षांनी त्याच राज्याने त्याच माणसाच्या ओळी टेकडीवर दगडात कोरून उद्घाटन केलं. खाली लेखकाचं नाव नाही.

दालनात जर्मन संगीत वाजतं हे खरं?

खरं. शुमानची ‘ट्रॉयमेराय’ ही मूळ पियानोची छोटी रचना तिथे गायकवृंदाच्या आवाजात, शब्दांशिवाय, सतत चालू असते. जर्मनांना हरवलेल्या जागी जर्मन संगीतकार का, असं पुष्कळ जण विचारतात. सोव्हिएत रशियात ही धून श्रद्धांजलीच्या प्रसंगी वाजवायचा प्रघात होता, एवढं साधं कारण पुरेसं आहे. तरी मला ही निवड स्मारकातल्या सगळ्या घोषणांपेक्षा जास्त शहाणी वाटते.

स्टालिनग्राडचं स्मारक, पण स्टालिन कुठाय?

नावातच. शहर मूळचं त्सारित्सिन. १९२५ मध्ये स्टालिनग्राड झालं आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये, स्टालिनची प्रतिमा उतरवायचं धोरण जोरात असताना, व्होल्गोग्राड झालं. स्मारकाचं काम तेव्हा चालू होतं. त्यामुळे १९६७ मध्ये नकाशावर नसलेल्या शहराच्या लढाईचं स्मारक खुलं झालं. हल्ली वारं उलटं आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत शहरात स्टालिनचा अर्धपुतळा बसवला गेला, आणि एप्रिल २०२५ मध्ये विमानतळाला स्टालिनग्राड हे नाव दिलं गेलं.

हे स्मारक काय सांगत नाही?

बरंच काही. २३ ऑगस्ट १९४२ ला जर्मन विमानांनी शहर बेचिराख केलं. त्या बॉम्बफेकीत हजारो नागरिक मेले, कारण त्यांना वेळेवर हलवलं नव्हतं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळा तोंडवळा सैनिकाचा आहे, या नागरिकांना त्यात फारशी जागा नाही. ‘एक पाऊलही मागे नाही’ हा जुलै १९४२ चा आदेश क्रमांक २२७ वीरवाणी म्हणून सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच आदेशाने माघार घेणाऱ्यांना रोखायला मागे तुकड्या उभ्या केल्या होत्या आणि शिक्षा म्हणून आघाडीवर धाडायच्या सैनिकांची दंडपथकं काढली होती. ते कुठल्याच भिंतीवर नाही. विजयस्मारकं पराक्रम मोठा करून सांगतात, भीती आणि सक्ती गाळतात. हे काही एकट्या रशियाचं वैशिष्ट्य नव्हे, आपल्याकडचे चौथरे आठवून पाहा.

कीवमध्येही अशीच मूर्ती आहे. दोन्ही एकच का?

नाही. कीवची मूर्ती १९८१ ची, ढाल-तलवार घेतलेली, पोलादी. तिचं काम वुचेतिचनेच सुरू केलं होतं, त्याच्या मृत्यूनंतर वासिल बोरोदाय याने पूर्ण केलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या ढालीवरचं सोव्हिएत चिन्ह उतरवून युक्रेनचा त्रिशूळ बसवला. फेसबुकवर फिरणाऱ्या निम्म्या पोस्टमध्ये फोटो एकीचा आणि माहिती दुसरीची असते. ढाल दिसली की कीव, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

जाता जाता, स्टालिनग्राडचा नामांकित नेमबाज वासिली झाइत्सेव्ह १९९१ मध्ये कीवमध्ये वारला आणि तिथेच पुरला गेला. २००६ मध्ये त्याचे अवशेष मामायेव कुर्गानवर आणले. ‘व्होल्गेच्या पलीकडे आमच्यासाठी जमीनच नव्हती’ हे त्याच्या नावावरचं वाक्य प्रसिद्ध आहे. लाल सेनेत युक्रेनी होते, कझाख होते, उझ्बेक होते, तातार होते. आज त्या कबरींवर एकट्या रशियाने हक्क सांगितला की इतरांना बोचतं ते यामुळे.

मराठीशी याचा काही संबंध?

आहे आणि अस्सल आहे. लढाईची बातमी ताजी असतानाच अण्णाभाऊ साठ्यांनी ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला. वाटेगावातून मुंबईच्या गिरणगावात आलेला, शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेला तरुण शाहीर, आणि विषय हजारो मैलांवरच्या लढाईचा. मूर्तीचा आराखडाही कुणाच्या डोक्यात नव्हता तेव्हा या लढाईचं एक स्मारक कामगारवस्तीत डफावर उभं राहिलं होतं. शिवरायांच्या पराक्रमासाठी घडलेला बाज अण्णाभाऊंनी लाल सेनेसाठी वापरला, आणि ऐकणाऱ्या गिरणी कामगारांना त्यात काही परकं वाटलं नाही. १९६१ मध्ये ते सोव्हिएत रशियाला जाऊन आले, त्या प्रवासावर त्यांचं पुस्तकही आहे. टेकडीवर तेव्हा बांधकाम चालू होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊंचा पुतळा बसला.

जायचं असेल तर?

मॉस्कोहून रेल्वेने साधारण एक दिवस धरावा. शहरात ‘मेट्रोट्राम’ चालते, काही भाग जमिनीखालून जाणारी ट्राम म्हणा. तिचा मामायेव कुर्गान नावाचाच थांबा आहे. टेकडीवर तिकीट नाही. २ फेब्रुवारी आणि ९ मे या दोन दिवशी गर्दी अफाट असते. हिवाळ्यात वर बोचरा वारा असतो, त्यामुळे नुसत्या स्वेटरवर जाऊ नका. भारतीयांना ई-व्हिसा मिळतो, पण सध्या युक्रेन युद्धामुळे दक्षिण रशियातली विमानसेवा अचानक बंद होते, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना पाहून घ्या.

आणि रील काढणाऱ्यांसाठी: ही दफनभूमी आहे. मूर्तीला गुदगुल्या करतोय असा कोन साधून व्हिडिओ काढणं तिथे थट्टा समजली जात नाही, खटला भरतात. फुलं न्यायची तर रशियात स्मारकावर सम संख्येत वाहतात. विषम संख्या वाढदिवसाला.